वल्हं हातात, जोर कमरेत

आपण वडोदरेकर तसे पाण्यापासून लांबच. सूरसागरच्या काठावर गप्पा मारत बसायचं, फार तर शेव-उसळ खाऊन परत एक फेरी मारायची. विश्वामित्रीत तर मगरींचं राज्य, तिथे उतरायचा विचारही नको. पण हल्ली सुट्टीत गोव्याला किंवा तारकर्लीला गेलं की आपल्यापैकी बरेच जण एक नवा खेळ खेळून येतात. रुंद फळीवर उभं राहायचं आणि लांब वल्ह्याने पाणी कापत जायचं. याला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात. शांत खाडीत, सकाळच्या उन्हात याच्याइतकं सुख नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. वर्षातून दोनदा तरी हा खेळ खेळतो. परतीच्या गाडीत एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘खांदा भरून आलाय’, ‘कोपर ठणकतंय’. पहिल्या दिवशी सगळे हसण्यावारी नेतात. माझ्या एका मित्राचं कोपराचं दुखणं मात्र तीन महिने टिकलं. माउस धरता येईना, आणि लहान मुलीला कडेवर घेता येईना याचं त्याला जास्त वाईट वाटायचं. हात हेच आपलं पोट भरणारं अवजार आहे, म्हणून हा विषय.

या खेळातल्या दुखापतींचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक-तृतीयांश दुखापती खांदा आणि दंडाच्या होत्या. त्याखालोखाल कंबर, मग कोपर आणि हाताचा पुढचा भाग. पडणं-आपटणं हे त्याचं मुख्य कारण नव्हतं, तर एकच हालचाल दमेपर्यंत करत राहणं हे होतं. आपलं तर आठवडाभर कीबोर्डवर तेच चालू असतं. मनगट उचलून धरणारे स्नायू आधीच थकलेले, त्यात दोन तास वल्हं घट्ट आवळून धरलं की कोपराच्या बाहेरच्या बाजूला जिथे ते स्नायू हाडाला चिकटतात तिथे कळ येते. टेनिस एल्बो म्हणतात ते हेच.

आता उपाय. सुरुवात वल्ह्यापासून. ते आपल्या उंचीपेक्षा साधारण १५ ते २५ सेंटीमीटर लांब असावं. फार लांब असेल तर प्रत्येक वेळी खांदा कानापर्यंत उचलावा लागतो. वल्ह्याचं पातं किंचित वाकलेलं असतं, तो बाक पुढच्या दिशेला हवा. नवखे लोक नेमकं उलटं धरतात. एक हात वरच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर. वल्हं डोक्यावर आडवं धरल्यावर दोन्ही कोपरं काटकोनात आली की हातांतलं अंतर बरोबर.

मग वल्हवणं. गुडघे किंचित वाकवा, कमरेतून पुढे झुका, पातं पूर्ण पाण्यात बुडवा आणि धड वळवत ओढा. पातं पावलापाशी आलं की बाहेर काढा. त्याच्या मागे ओढण्यात वेग वाढत नाही, फक्त खांदा दमतो. मूठ सैल ठेवा, चार-सहा फटक्यांनी बाजू बदला. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा मदतीला असतो. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास पुरे. लाइफ जॅकेट आणि पायाची दोरी मात्र हवीच.

‘जोर कमरेतून काढा’ हे आपल्या गावाला नवीन नाही. दांडिया बाजारातला जुम्मादादा व्यायाम मंदिराचा, म्हणजे प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा आपल्याला माहीत आहेच. १८८३ साली डभोईत जन्मलेले जगन्नाथ गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. मुद्गल नुसत्या मनगटाने फिरवायला गेलं तर हात भरून येतो. पाय रोवून, सगळं अंग वापरून फिरवलं तर तोच हलका वाटतो. वल्ह्याचंही तसंच आहे.

सहलीच्या महिनाभर आधी एक दिवसाआड तयारी करावी. रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरं मागे ओढायची, दोन्ही फरे जवळ आले पाहिजेत. हात टेबलावर ठेवून, तळवा खाली करून, अर्धा लिटरची पाण्याची बाटली धरायची. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यायचं आणि सावकाश खाली सोडायचं. दहा-दहाचे तीन फेरे. पाण्यात उतरण्याआधी दोन-चार सूर्यनमस्कार आणि खांदे फिरवणं.

एवढं करूनही दुखलंच, तर? दुसऱ्या दिवशीचा दोन्ही हातांचा जडपणा साधा असतो, दोन-तीन दिवसांत जातो. एकाच जागी कळ असेल तर काही दिवस वल्हं आणि वजन बाजूला ठेवा, पण हात गळ्यात बांधून बसू नका, हलकी हालचाल चालू ठेवा. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावल्याने आराम पडतो. ताज्या सुजेवर जोरात तेल चोळणं आणि हात ओढून घेणं टाळा, घरातलं कोणी कितीही आग्रह करो. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. बोटांना मुंग्या येणं, हात वर न जाणं, रात्री झोपमोड होईल असं दुखणं, यात थांबू नका. आणि हातदुखीबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर वल्ह्याला दोष देत न बसता थेट १०८ फिरवा.

दिवाळीनंतर गोव्याचे बेत सुरू होतीलच. तिकिटं काढाल त्याच दिवसापासून पाण्याची बाटली हातात घ्या. आई-बाबांनाही बरोबर घेतलंत तर उत्तम, बाटलीचा व्यायाम त्यांच्याही मनगटांना चालतो.