गाळाने राखलेले गाव : होई आन

मध्य व्हिएतनाममध्ये, दा नांग शहराच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, थू बॉन नदीच्या मुखाजवळ वसलेले होई आन हे पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकांदरम्यान नावाजलेले व्यापारी बंदर होते, आणि त्याची जुनी वस्ती बव्हंशी शाबूत राहिल्यामुळे १९९९ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

गावाची घडण मोसमी वाऱ्यांनी केली. ईशान्येच्या वाऱ्यावर येणाऱ्या चिनी व जपानी गलबतांना परतीसाठी नैर्ऋत्येचा वारा सुटेपर्यंत थांबावे लागे. रेशीम, चिनी मातीची भांडी, अगरू व दालचिनी यांचा व्यवहार होईतो महिने उलटत, आणि या मुक्कामांतूनच परदेशी व्यापाऱ्यांच्या कायमच्या वस्त्या उभ्या राहिल्या. जपानी वस्तीची आठवण असलेला छप्पर असलेला पूल सतराव्या शतकाच्या आसपासचा असून त्याच्या एका टोकाला माकडांच्या व दुसऱ्या टोकाला कुत्र्यांच्या मूर्ती आहेत. १७१९ साली ग्वेन घराण्यातील अधिपती ग्वेन फुक चू यांनी या पुलाला दिलेल्या नावाचा आशय ‘दुरून आलेल्यांचा पूल’ असा आहे.

दोघे मित्र भल्या सकाळी पायी हिंडू लागले, तर त्यांना प्रथम जाणवेल ते घरांचे अरुंदपण. येथील घर रस्त्याकडे जेमतेम चार-पाच मीटर रुंद, पण आत लांबवर गेलेले असते : पुढे दुकान, मग वाड्यातल्या चौकासारखे उघडे अंगण, त्यामागे राहण्याच्या खोल्या, आणि नदीकाठच्या घरांत मागच्या दारी माल उतरवण्याची सोय. छपरावर कौलांची एक ओळ उताणी, तर दुसरी पालथी असते. दारावर लाकडात कोरलेल्या दोन गोल चकत्या असतात, त्यांना ‘दाराचे डोळे’ म्हणतात आणि त्या घराची राखण करतात असे मानले जाते. दुपारी याच दोघांच्या पुढ्यात काओ लाउ येईल, म्हणजे तांदळाच्या जाड, चिवट शेवयांवर डुकराच्या मांसाचे काप, पालेभाजी आणि कुरकुरीत तळलेले तुकडे. खऱ्या काओ लाउसाठी गावातल्या बा ले विहिरीचेच पाणी हवे, असे येथील लोक सांगतात.

या भूमीचा भारताशी जुना संबंध आहे. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवरील मी सन येथे चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकांत शिवमंदिरे बांधली. तेथे संस्कृत शिलालेख सापडतात, आणि तेथील काही मंदिरसमूहांचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले आहे.

एकोणिसाव्या शतकात नदीचे मुख गाळाने भरत गेले, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि व्यापार खोल बंदराच्या दा नांगकडे वळला. भरभराट टिकली असती, तर जुनी घरे पाडून गोदामे व नव्या इमारती उठल्या असत्या. गाव मागे पडले, म्हणूनच लाकडी चौकटीच्या सुमारे १,१०० इमारती राहिल्या. तीच नदी आजही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पुरांत घरांत शिरते. काही घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या पातळ्या वर्षांनिशी नोंदलेल्या आहेत, तर काहींच्या माडीच्या तळफळ्यांत एक झडप असते. पाणी चढू लागले की दुकानातला माल तिच्यातून वर ओढून घेतला जातो.