‘वळण’ आणि ‘मोड’

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी मुलांच्या निबंधवह्यांत ‘गाडी डावीकडे मुडली’ किंवा ‘मोडावर एक दुकान आहे’ अशी वाक्ये भेटतात. शिक्षक त्यांखाली लाल रेघ ओढतो आणि समासात ‘वळली’, ‘वळणावर’ असे लिहितो. दुरुस्ती योग्यच आहे. परंतु ‘हा शब्द हिंदी आहे’ एवढेच तिचे कारण सांगितले, तर विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय ते कारण पुरतेपणी खरेही नाही.

हिंदीतील ‘मोड़ना’ आणि मराठीतील ‘मोडणे’ यांचे मूळ एकच, प्राकृतातील ‘मोड’ हा धातू. हिंदीने त्यातून वाकविण्याचा अर्थ उचलला, मराठीने मुख्यतः भंग करण्याचा. हिंदीत कागद ‘मोड़ला’ की त्याला घडी पडते. मराठीत लुगड्याची घडी ‘मोडली’ की ती उलगडते. एकाच शब्दाने दोन सख्ख्या भाषांत इतके विरुद्ध काम करावे, ही मौजच म्हणावयाची. तथापि वाकण्याचा अर्थ मराठीतूनही अगदी गेलेला नाही. घाटातील रस्ता ‘नागमोडी’ असतो, तो काही मोडलेला नसतो. ‘डोळे मोडणे’ यातही डोळ्यांना इजा नाही, नजरेचा वाकडेपणा आहे. होळकर, शिंदे व गायकवाड यांची दप्तरे ज्या लिपीत लिहिली गेली त्या मोडीचे नावही ‘मोडणे’वरूनच सामान्यतः सांगितले जाते, भराभर लिहिण्यासाठी देवनागरीची अक्षरे मोडून, वळवून ती सिद्ध झाली असे मानतात. तेव्हा ‘मोड’ हा इंदूरच्या मुलाच्या वहीत शिरलेला केवळ परका पाहुणा नव्हे.

मग ‘वळणे’ हाच शब्द शिकविण्याचा आग्रह का धरावा? कारण ‘वळणे’ एकटे येत नाही, आपले सारे गोत घेऊन येते. संस्कृत ‘वल्’पासून आलेले हे क्रियापद प्रथमतः दिशा बदलण्याचे आहे: रस्ता वळतो, वाटसरू वळतो. पण हाताने गोल आकार देणे हेही वळणेच. लाडू वळतात, वाती वळतात, दोर वळतात, मूठ वळतात. गुराखी गुरे वळतो. व्याकरण शिकविणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. ‘गुरे वळली’ हा कर्तरी प्रयोग आणि ‘गुराख्याने गुरे वळली’ हा कर्मणी; क्रियापदाचे रूप तेच, परंतु पहिल्यात ते अकर्मक आणि दुसऱ्यात सकर्मक. प्रयोजक रूप ‘वळविणे’ निराळे आहेच: पाटाचे पाणी वळवितात, तसेच एखाद्याचे मनही. हिशेबात येणे रकमेतून देणे ‘वळते’ करून घेतात. आडवाटेने जाणे म्हणजे वळसा, गुंडाळलेले अंथरूण म्हणजे वळकटी.

या गोतातला सर्वांत थोर शब्द ‘वळण’. रस्त्याचे वळण, अक्षराचे वळण, घराचे वळण, वागण्याचे वळण. मूल ‘आईच्या वळणावर गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा चेहरा, स्वभाव आणि संस्कार या तिन्ही गोष्टी एका शब्दात येतात. हिंदीतील ‘मोड़’ हा रस्त्याला असतो, कथेला असतो, आयुष्यालाही असतो. पण अक्षराच्या घडणीस अथवा मुलावरील संस्कारास तो शब्द लागत नाही. ज्या घरात ‘वळणे’ जाऊन ‘मुडणे’ येते, त्या घरातील पुढच्या पिढीला ‘वळण लावणे’ हा प्रयोग पाठ करावा लागेल. तो आपसूक उमगणार नाही. ‘कळते पण वळत नाही’ ही म्हण तर तिला अर्थहीनच वाटेल.

‘फिरणे’ हे वळण्याच्या निकटचे, पण स्वभावाने वेगळे. वळण्यातून काहीतरी आकार उरतो. फिरण्यातून बहुधा उरत नाही. ‘त्याचे मन वळले’ म्हणजे समजुतीने अनुकूल झाले. ‘त्याचे मन फिरले’ म्हणजे विटले, उलटले. शेतकरी शेताकडे पाणी वळवितो, परंतु आशेवर पाणी फिरते. डोके, ग्रह, दिवस, घराचे वासे ही सारी फिरतात, वळत नाहीत. दिलेला शब्दही फिरविला जातो. हा भेद बेळगावकडील शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन शिकवावा. कारण कानडीतील ‘तिरुगु’ वळणे, गरगर फिरणे आणि भटकणे या तिहींना पुरतो. बडोद्यात ही अडचण कमी, कारण गुजरातीत ‘वळवुं’ आणि ‘फरवुं’ अशी दोन क्रियापदे आहेत. रस्त्याचे वळण म्हणजे तेथे ‘वळांक’. एका बाबतीत मात्र या भाषांचे एकमत आहे: ‘पुन्हा’ या अर्थी मराठीत ‘फिरून’, गुजरातीत ‘फरी’, आणि वंशाने वेगळ्या असलेल्या कानडीतही ‘तिरुगि’. गोलात फिरणारा पहिल्या जागी येतो, हा अनुभव सर्वांचा सारखाच.

‘उलटणे’ व ‘पालटणे’ यांविषयी फार लिहावयास नको. डाव उलटतो, रूप पालटते, एवढे कोणासही ठाऊक असते. ‘वर्ष उलटले’ यात मात्र विपरीत काहीच नाही, ते केवळ सरले. ‘घूमजाव’ हा कवायतीतील हुकूम, हिंदीतून आलेला. आता तो मते बदलणाऱ्या पुढाऱ्यांनाच अधिक लागू पडतो.

उरले ‘मुरडणे’. नाक मुरडणे हा तिरस्कार, हौसेला मुरड घालणे हा संयम आणि करंजीची मुरड हे सुगरणीचे कसब. गौरी जाण्याच्या दिवशी अनेक घरांत मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य होतो. निघालेली माहेरवाशीण मुरडून परत यावी, हा त्यातील भाव. ‘मुरडणे’चा ‘मागे वळणे’ हा अर्थ नित्याच्या बोलण्यात आता क्वचितच ऐकू येतो; त्या कानवल्याच्या नावात मात्र तो शाबूत आहे.