दोघांनी मिळून खेळायचा खेळ

मुलांनो, तुम्ही लुडो खेळला असालच. लुडोत समोरचा आपली सोंगटी मारतो, आपण त्याची मारतो. एक जिंकला की बाकीचे हरतात. पण सर्वांनी एकाच बाजूने खेळायचा, असाही फाशांचा एक खेळ आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. एक जण गोष्ट सांगतो; गोष्टीत पुढे काय करायचे ते बाकीचे ठरवतात. ते जमले की नाही, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. याच खेळावरून बेल्जियममधील लॅरियन कंपनीने २०२३ साली 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम तयार केला. तो मोठ्या माणसांसाठी आहे, पण त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. येथे गोष्ट यंत्र सांगते. पडद्याचे दोन भाग करून दोघे शेजारी बसून खेळू शकतात.

समजा, पहारेकऱ्याची समजूत घालून दरवाजा उघडवायचा आहे. त्यासाठी १५ गुण हवेत. तुमच्या योद्ध्याला बोलण्याचे जादा गुण नाहीत. म्हणजे फाशावरच १५ किंवा अधिक पडायला हवेत. अशा बाजू वीसपैकी फक्त ६. तुमच्या सोबत्याच्या पात्राला ५ जादा गुण आहेत. त्याला फाशावर १० पुरेत. म्हणजे वीसपैकी ११ बाजू त्याच्या कामाच्या. तेव्हा तुम्ही मागे राहावे, त्याला बोलू द्यावे. हे सांगायला सोपे आहे. स्वतः पुढे होऊन बोलण्याची हौस आवरणे मात्र फार अवघड!

लढाईत सगळे पाळीपाळीने खेळतात. भिजलेल्या शत्रूला विजेचा मार दुप्पट बसतो. म्हणून एकाने पाणी टाकावे, दुसऱ्याने वीज सोडावी. पण त्याच पाण्यात सोबती उभा असेल, तर त्यालाही झटका बसतो! आधी एकमेकांना विचारावेच लागते.

सोबती जखमी होऊन पडला, तर त्याच्या प्रत्येक पाळीला फासा पडतो. दहापेक्षा कमी पडले तर अपयश. तीन अपयशे झाली की तो मरतो. त्याला हात देऊन उठवता येते, पण त्यात तुमच्या पाळीतील वार करण्याची संधी जाते. आता समोरचा शत्रू आणखी एका घावात पडणार आहे, आणि मागे सोबत्याची दोन अपयशे झाली आहेत. पाळी तुमची आहे. तुम्ही काय कराल?