खेळण्यातल्या आगगाडीला स्टेशन मिळाले तेव्हा

खेळण्यातल्या आगगाडीचा इतिहास बहुधा इंजिनांचाच इतिहास म्हणून सांगितला जातो. चावीचे इंजिन, स्पिरिटच्या दिव्यावर वाफ करणारे इंजिन, मग विजेचे. माझे मत असे की या खेळण्याची रेल्वे झाली ती स्टेशनामुळे. नुसते इंजिन गोल रुळांवर फिरत राहते, आणि चार फेऱ्या झाल्या की मुलाला बघत बसण्याखेरीज काम उरत नाही. फलाट आला की गाडीला थांबायला ठिकाण मिळते, सिग्नल आला की थांबायला कारण मिळते, आणि हमाल, पेट्या, फाटक आले की थांबल्यावर करायचे काम मिळते.

हे एका दिवसात घडले नाही. जर्मनीतल्या ग्योपिंगेनची मार्क्लिन कंपनी 1859 साली सुरू झाली ती बाहुलीघराची पत्र्याची भांडी करत. भातुकलीचा धंदा असा की यंदा चूल घेतली, तर पुढच्या वर्षी पातेली हवीच. हाच हिशेब मार्क्लिनने 1891 मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत आगगाडीला लावला: ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ, आणि त्यांच्याभोवती वर्षागणिक वाढवता येईल असा सारा पसारा. त्या काळातली स्टेशने हाताने रंगवलेली असत. काहींच्या आत मेणबत्ती लावायची सोय असे आणि रंगीत खिडक्यांतून उजेड बाहेर पडे. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी पाट्या तेवढ्या त्यांच्या भाषेत रंगवत. ही स्टेशने देखणी होती यात शंका नाही, पण ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली. आणि मुलाच्या हातांना त्यात फारसे काम नव्हते.

पत्र्यावरच्या रंगीत छपाईने हे चित्र पालटले. विटा, घड्याळ, तिकिटाची खिडकी, भिंतीवरच्या जाहिराती असे सगळे सपाट पत्र्यावर आधीच छापायचे, मग साच्याने कापून वाकवायचे आणि पत्र्याचे कान खाचेत घालून दुमडायचे. न्यूरेम्बर्गच्या बिंग कंपनीने अशी स्टेशने मोठ्या प्रमाणावर काढली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. लिव्हरपूलला फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने 1920 मध्ये गाड्या काढल्या, पाठोपाठ स्टेशनेही. 1931 मध्ये या कंपनीने स्टेशनमास्तर, गार्ड, तिकीट तपासनीस आणि हमाल यांच्या धातूच्या छोट्या मूर्ती बाजारात आणल्या. याच मालिकेत पुढे मोटारी आल्या आणि 1934 पासून त्या डिंकी टॉइज म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. जगभर गाजलेल्या या मोटारींचा जन्म रेल्वेच्या फलाटाची सजावट म्हणून झाला, हे विसरता येत नाही.

खरी कमाल अमेरिकेत लायोनेल कंपनीने केली. 1935 मध्ये आलेला तिचा फाटकवाला पाहा. गाडी जवळ आली की खोपटाचे दार उघडते, माणूस हातात कंदील घेऊन बाहेर येतो आणि गाडी पुढे गेली की आत परततो. यंत्रणा साधी आहे. गाडीच्या वजनाने रूळ किंचित दबतो, त्याखालची कळ जुळते, तारेच्या गुंडाळीतून वीज वाहते आणि ती गुंडाळी लोखंडी दांडा ओढून घेते. गाडी आपोआप थांबवणाऱ्या स्टेशनात तर दोन धातूंची चिकटलेली पट्टी असते. गाडी फलाटाला लागली की ती पट्टी तापत जाते, वाकते, रुळांतला प्रवाह पुन्हा जोडते आणि गाडी सुटते. आता स्टेशन नुसते बघायचे राहिले नव्हते, ते गाडीवर हुकूम चालवू लागले होते.

यावर कोणी म्हणेल की ही सारी धडपड हुबेहूबपणासाठी होती. मला ते पटत नाही. तो फाटकवाला शेजारून जाणाऱ्या डब्याच्या मानाने चक्क राक्षस आहे. मापात बसवायचा असता तर तो दिसलाही नसता. कारखानदारांनी हुबेहूबपणापेक्षा हालचाल मोलाची मानली, आणि मुलांच्या बाजूने पाहता ते बरोबरच होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही तर आईबापांच्या खिशातून दरवर्षी पैसे काढण्याची युक्ती. होतीच, मार्क्लिनचा हिशेबच तसा होता. पण विकणाऱ्याचा हेतू नफ्याचा असला म्हणून घेणाऱ्याला मिळालेली वस्तू पोकळ ठरत नाही. गाडी कधी सोडायची, कुठे थांबवायची, माल कुठे उतरवायचा, हे ठरवणे मुलाच्या हाती आले ते याच जोडसामानामुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक आले. फिलाडेल्फियाच्या बाकमन कंपनीने प्लास्टिकव्हिल मालिकेत गोंदाशिवाय जोडता येणारी स्वस्त घरे आणि स्टेशने काढली. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात 1946 मध्ये सुरू झालेली फालर कंपनी सुटे भाग देऊन चिकटवायची स्टेशने विकू लागली. जुन्या पत्र्याचे चाहते याला घसरण मानतात, कारण या स्टेशनांत बहुधा काही हलत नाही. हालचाल गेली हे खरेच, आणि तिची हळहळ मलाही वाटते. पण मेणबत्तीच्या काळात मुलाला तयार इमारत मिळे. आता छप्पर, खांब आणि फलाट त्याला स्वतः जोडावे लागले, आणि गावात स्टेशन कुठे उभे करायचे तेही त्यानेच ठरवले.