रोशाचं तेल

किलोभर गुलाबतेल काढायला तीन ते चार टन पाकळ्या लागतात. इतक्या महाग मालात भेसळ झाली नसती तरच नवल. एकोणिसाव्या शतकात ही भेसळ ज्या तेलाने व्हायची, त्यातलं बरंचसं आपल्या खानदेशातून जायचं. नंदुरबार, तळोदा, अक्राणी या भागातल्या डोंगरउतारांवर रोशा गवत आपसूक माजतं. त्याचं तेल मुंबई बंदरातून अरबस्तानमार्गे कॉन्स्टॅन्टिनोपलला पोहोचे. तिथले व्यापारी ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवत, म्हणजे रंग उतरे आणि उग्रपणा मरे. मग माल बल्गेरियातल्या गुलाबाच्या मुलखात. काही जण तर भट्टी लावण्याआधीच ते पाकळ्यांवर शिंपडत. दोन्ही वास एकत्रच उतरत, कोण ओळखणार? युरोपात याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. गवत खानदेशचं, नाव तुर्कांचं आणि भाव गुलाबाचा!

हे जमलं ते जिरॅनिऑलमुळे. हे द्रव्य गुलाबात असतंच, पण रोशाच्या चांगल्या तेलात ते ७५ ते ८५ टक्के भरतं. ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७१ साली ते पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं, तेही भारतातून गेलेल्या गवताच्या तेलातूनच. तरी रोशा म्हणजे गुलाब नव्हे. बाटलीचं बूच काढलं की आधी ओल्या गवताचा तिखटसर वास नाकात शिरतो, गुलाब मागाहून येतो. मला तो पहिला वासच जास्त आवडतो.

गवतात दोन प्रकार: मोतिया आणि सोफिया. दिसायला अगदी सारखे. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर वाढतो, सोफियाला ओलावा आणि सावली मानवते. सोफियाचं तेल ‘जिंजरग्रास’ म्हणून कमी भावात जातं. डोळ्यांवर विसंबण्यात अर्थ नाही, पान चुरगळून हुंगावं.

तेल मुख्यतः फुलोऱ्यात, काडीत नावापुरतं. म्हणून फुलोरा आला की आठ-दहा दिवसांत कापणी उरकायची. जुन्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत, कारण वाफ गार करायला पाणी हवं. भांड्यात गवत ठासून भरायचं, पाणी ओतायचं, झाकण मातीने लिंपायचं आणि बांबूची नळी ओढ्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडायची. तेल पाण्यावर तरंगतं, ते वरच्यावर काढून घ्यायचं. उरलेला चोथा वाळवला की पुढच्या भट्टीचं जळण होतं. गंजक्या लोखंडी भांड्यात मात्र तेल काळवंडतं, म्हणून आता स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आल्या. रानातल्या गवताबरोबर लागवडही होते. लखनौच्या सीमॅप संस्थेचं ‘तृष्णा’ हे वाण त्यासाठीच आहे.

आज हे तेल साबणात, क्रीममध्ये, अत्तरात जातं. जिरॅनिऑलची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून युरोपात ठरावीक प्रमाणापुढे त्याचा उल्लेख वेष्टनावर छापावाच लागतो. छापतात बारीक अक्षरात. मोठं चित्र गुलाबाचंच!

भेसळीसाठी गाजलेल्या या तेलातही पुढे भेसळ होऊ लागली. कुणी टर्पेंटाइन मिसळलं, कुणी रॉकेल, कुणी खोबरेल. खोबरेलवाले मात्र लवकर सापडत: बाटली थंडीत ठेवली की तेल थिजायचं.