डोंगरी ई-सायकल : हलकी घ्यावी की दमदार?

युरोपात आल्प्स पर्वताच्या परिसरात बॅटरीच्या डोंगरी सायकलींचा मोठा बाजार उभा राहिला आहे. जर्मनीच्या हायबाईक कंपनीने बॉशच्या मोटारीची अशी सायकल २०१० साली लोकांसमोर आणली. त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. आज या मालाचे दोन गट पडले आहेत. एक पूर्ण ताकदीचा, दुसरा हलक्या वजनाचा. किंमत साधारण पाच ते दहा हजार युरो, काहींची त्याहूनही जास्त. एवढी रक्कम गुंतवायची तर सौदा समजून-उमजून झाला पाहिजे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये राहणारे आपले लोकही ही खरेदी करतात. म्हणून या दोन गटांतील नफा-नुकसान आम्ही येथे मांडत आहोत.

दोन गट कोणते?

या सायकलीत मोटार पेडलच्या आसाजवळ बसवलेली असते. आपण पेडल मारले तरच ती जोर लावते, पाय थांबले की तीही थांबते. युरोपच्या कायद्याप्रमाणे मोटारीची सतत चालणारी ताकद २५० वॅटपर्यंत असावी लागते आणि वेग ताशी २५ किलोमीटर झाला की तिची मदत बंद व्हावी लागते. हा नियम दोन्ही गटांना सारखाच आहे. फरक आहे तो टॉर्कमध्ये, म्हणजे आसावर मिळणाऱ्या पिळाच्या जोरात, आणि बॅटरीच्या साठ्यात.

पूर्ण ताकदीच्या सायकलीत टॉर्क ८५ न्यूटन-मीटर किंवा त्याहून जास्त, बॅटरी ६०० ते ८०० वॅट-तासांची आणि एकूण वजन साधारण २१ ते २५ किलो असते. बॉशची परफॉर्मन्स लाईन सीएक्स आणि शिमानोची ईपी८ या मोटारी याच गटातल्या. हलक्या सायकलीत टॉर्क ३५ ते ६० न्यूटन-मीटर, बॅटरी ३२० ते ४३० वॅट-तास आणि वजन १६ ते २० किलो असते. स्पेशलाईज्डने २०२० साली आणलेली लेव्हो एसएल ३५ न्यूटन-मीटरची आणि ३२० वॅट-तासांची होती. टीक्यू कंपनीची एचपीआर ५० ही मोटार ५० न्यूटन-मीटरची असून तिचे वजन दोन किलोच्याही आत आहे.

चढणीचा हिशेब

वजन कमी म्हणजे बॅटरी जास्त पुरणार, असा समज बाजारात सर्रास आढळतो. हा समज हिशेबाने तपासून पाहू.

माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन १,००० मीटर उंच चढवायला सुमारे २७२ वॅट-तास लागतात. कच्च्या वाटेचे घर्षण धरले तर हा आकडा साडेतीनशेच्या जवळ जातो. यातले निम्मे काम पायांनी केले तर मोटारीतील घट धरून बॅटरीतून २०० ते २२५ वॅट-तास खर्ची पडतात. पाऊण काम मोटारीवर टाकले तर ३०० ते ३२५.

म्हणजे ४०० वॅट-तासांच्या बॅटरीवर मेहनती माणूस पावणेदोन-दोन हजार मीटर चढेल, आरामात जाणारा सव्वा हजार. ८०० वॅट-तासांची बॅटरी याच्या दुप्पट पुरेल. थंडीत आणि बॅटरी जुनी झाल्यावर हे आकडे उतरतात. वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचे तर बाराशे-तेराशे मीटर चढावे लागते. हलकी बॅटरी आरामात जाणाऱ्याला एवढ्या चढणीत संपवेल.

आता वजनाचे पाहा. सायकल पाच किलोने हलकी घेतली, तर हजार मीटर चढताना बचत होते ती फक्त १४ वॅट-तासांची. त्या बदल्यात बॅटरीतून तीनशे-चारशे वॅट-तास कमी मिळतात. तेव्हा लांब पल्ल्यासाठी हलकी सायकल घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

मग हलकी कशासाठी?

हलकेपणाचा फायदा दुसऱ्या ठिकाणी आहे. अरुंद वाटेवर वळताना, पुढचे चाक दगडावरून उचलताना आणि ब्रेक लावताना कमी वजन हाताला जाणवते. कुंपणावरून सायकल पलीकडे न्यायची असेल, तिसऱ्या मजल्यावर चढवायची असेल किंवा गाडीच्या मागे टांगायची असेल, तर १८ किलो आणि २४ किलो यांतला फरक कंबर सांगते. बॅटरी संपली तरी हलकी सायकल पायांनी घरी आणता येते, जड सायकल आणताना घाम निघतो. ताशी २५ किलोमीटरच्या वर मोटार बंद असते, तेव्हाही सपाटीला हलकी सायकल जास्त मोकळी वाटते.

जड सायकलीचेही गुण आहेत. खडकाळ उतारावर ती जमीन धरून राहते, असे अनेकांना वाटते. तीव्र चढणीवर पेडल हळू फिरले तरी तिची मोटार ओढते. हलक्या मोटारीला मात्र भरभर फिरणारे पाय लागतात. बॉशची एसएक्स ही हलकी मोटार कमाल ६०० वॅटपर्यंत जाते, पण पेडल वेगाने फिरवले तरच. ज्याचे गुडघे कुरकुरतात, ज्याचे वजन जास्त आहे, त्याने हे ध्यानात ठेवावे.

सोबत्यांचाही विचार करावा. मित्रांकडे पूर्ण ताकदीच्या सायकली असतील तर हलकीवाला प्रत्येक चढणीवर मागे पडतो. मित्र साध्या सायकलीवर असतील तर हलकी सायकल त्यांच्या चालीने बरोबर जाते.

सीमारेषा पुसट होत आहे

२०२४ साली चीनच्या डीजेआय कंपनीने अविनॉक्स ही मोटार आणली. टॉर्क १०५ न्यूटन-मीटर, वजन सुमारे अडीच किलो. ती बसवलेली अ‍ॅमफ्लो सायकल वीस किलोच्या आसपास भरते आणि तिला ८०० वॅट-तासांची बॅटरीही मिळते. म्हणजे हलके आणि दमदार एकाच मालात येऊ लागले आहे. लिहाजा नुसते ‘हलकी’ हे लेबल पाहून जास्त दाम मोजू नये.

आणखी एक बाब. पूर्ण ताकदीच्या मोटारीचा जोर मोबाईलवरून कमी करता येतो. हलक्या मोटारीचा जोर तिच्या हद्दीपलीकडे वाढवता येत नाही. ज्याचा निर्णय होत नसेल त्याला ही बाब उपयोगी पडेल.

सुटे भाग कोण देणार?

व्यापाराच्या दृष्टीने आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. कोविडच्या काळात मागणी वाढली, मग गोदामे भरली आणि मागणी उतरली. २०२४ साली ऑस्ट्रियाच्या पिअरर मोबिलिटीने सायकलीच्या धंद्यातून बाहेर पडण्याचे ठरवले. त्याच वर्षी यामाहाने अमेरिकेतील ई-सायकलींची विक्री बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे मोठ्या सवलतीचा माल दिसला की आधी विचारावे, मोटार कोणाची आणि पाच वर्षांनी बॅटरी कोण देणार? एका सायकलीची बॅटरी सहसा दुसरीला बसत नाही आणि नवी घ्यायला कित्येकशे युरो पडतात. आपल्या शहरात त्या मोटारीचा अधिकृत कारागीर नसेल तर सवलत शेवटी महागच पडते.

इकडे आणायची असेल तर

परदेशातून परतताना कोणी सायकल बरोबर आणू म्हणेल. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांवरील लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही. म्हणजे हलकी असो की दमदार, सायकल येईल पण बॅटरी येणार नाही. भारताच्या मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची ताकद २५० वॅटच्या आत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला मदत तुटत असेल, तर अशी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. अमेरिकेतल्या कित्येक सायकली ताशी ३२ किलोमीटरपर्यंत मदत देतात, त्या या सवलतीत बसत नाहीत. भारतातही हिरो सायकल्सने २०१९ साली यामाहाच्या मोटारीची लेक्ट्रो ईएचएक्स २० ही डोंगरी सायकल सुमारे १ लाख ३० हजार रुपयांना आणली होती.

आमची मसलत

जाड कापड चांगले की पातळ, असे गिऱ्हाइकाने विचारले तर दुकानदार आधी शिवायचे काय ते विचारतो. येथेही तेच आहे. एका दिवसात आपण खरोखर किती मीटर चढतो हे कागदावर लिहावे. दीड हजार मीटरच्या वर जात असाल, वजन जास्त असेल, गुडघे दुखत असतील, तर पूर्ण ताकदीची घ्यावी. हजार मीटरच्या आत जात असाल, पाय मजबूत असतील, सायकल रोज उचलावी लागत असेल, तर हलकी घ्यावी. दोन्ही भाड्याने घेऊन एकेक दिवस आपल्याच डोंगरावर चालवून पाहावी, आल्प्समध्ये तशी दुकाने भरपूर आहेत. आणि पैसे देण्यापूर्वी कारागिराचा पत्ता विचारून ठेवावा.