‘ॲट’ दाबले की अवतरणचिन्ह का उमटते?

भारतातून कार्डिफला शिकायला आलेला विद्यार्थी सोबतच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवतो. देश विचारला की ‘युनायटेड किंगडम’ निवडतो आणि पाठोपाठ सुचवलेला ब्रिटिश कीबोर्डही मान्य करून टाकतो. मग @ च्या जागी " उमटते, # हवे तिथे £ येते आणि कीबोर्ड बिघडला अशी समजूत होते. कीबोर्ड मात्र ठणठणीत असतो.

कीबोर्ड संगणकाला चिन्ह पाठवत नाही, केवळ कळीचा क्रमांक पाठवतो. 2 ची कळ लिनक्सच्या लेखी क्रमांक 3 असते, शिफ्टसह तिचा अर्थ @ घ्यायचा की ", हे ‘कीमॅप’ नावाचा तक्ता ठरवतो. भारतात विकले जाणारे बहुतेक लॅपटॉप अमेरिकी मांडणीचे असतात. ब्रिटिश मांडणीत @ आणि " यांची अदलाबदल झालेली असते आणि डाव्या शिफ्टशेजारी एक जादा कळ असते. \ आणि | ही चिन्हे तिच्यावर असतात. भारतीय लॅपटॉपवर ती कळच नाही. त्यामुळे दोन आज्ञा जोडणारी उभी रेघ लिहायची कशी, हा खरा पेच ठरतो.

कार्डिफच्या पश्चिमेस पेनकॉइड येथील सोनीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची मूळ प्रणालीही ब्रिटिश कीबोर्डच गृहीत धरत आली आहे. भारतातल्या घरी तो पेटीतून काढणाऱ्यालाही हाच अनुभव येऊ शकतो.

चित्रमय पडद्यावरची सेटिंग बदलून काळ्या पडद्याचा मजकुरी कन्सोल सुधारेलच असे नाही. डेबियन, उबुंटू यांसारख्या प्रणालींत प्रशासकाच्या अधिकाराने ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ ही आज्ञा देऊन हाताखालच्या कळफलकाची मांडणी निवडावी आणि मग ‘सेटअपकॉन’ चालवावे. सुदैवाने आडवी रेघ आणि तिरपी रेघ दोन्ही मांडण्यांत एकाच जागी आहेत. फेडोरात ‘लोकलसीटीएल सेट-कीमॅप यूएस’ पुरते. ‘लोडकीज यूएस’ने बदल लगेच होतो, पण संगणक पुन्हा सुरू केला की पुसला जातो. नावांचा घोळही ध्यानात असावा: ब्रिटिश तक्ता कन्सोलमध्ये ‘यूके’, तर चित्रमय प्रणालीत ‘जीबी’ म्हणून ओळखला जातो. एसएसएचने दूरच्या यंत्रावर काम करताना यांपैकी काहीच उपयोगी नाही. तिथे हातातल्या संगणकाचाच तक्ता लागू होतो.

(देवनागरीची अपेक्षा मात्र या कन्सोलकडून ठेवू नये. त्याच्या टंकात जास्तीत जास्त 512 चिन्हे मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोयच नाही.)

सर्वांत महाग पडते ती पासवर्डची चूक. चुकीच्या तक्त्यावर @ समजून ठरवलेला पासवर्ड प्रत्यक्षात " सह नोंदला जातो आणि लिहिताना तो दिसत नसल्याने कळतही नाही. तक्ता सुधारला की तोच पासवर्ड नाकारला जातो. संपूर्ण डिस्क कुलूपबंद असेल, तर प्रबंधासह सारेच आत अडकते. म्हणून तक्ता बदलण्याआधीच पासवर्ड आणि डिस्कचा परवलीशब्द केवळ अक्षरे व अंक असलेले, पुरेसे लांब करून घ्यावेत. आधीच अडकलेल्याने नेहमीचा पासवर्ड लिहिताना @ च्या जागी " देऊन पाहावे.